सीमेवर निघालेले लाडू

आमच्या हायस्कूलनं लढाईत भाग घेतला होता. हे कुठंच छापून आलं नाही, याचं मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या हेडमास्तरांना, फार वाईट वाटतं, म्हणून मीच लिहिते. मी तेव्हा नववी पास होऊन दहावीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. मे महिना, शाळेला सुट्टी, आणि आमच्या परभणीकडं मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तिकडं सीमेवर लढाई सुरू झाली आणि इकडं त्याच संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मोठ्या सरांचा मेसेज आला. उद्यापासून शाळेचं स्वयंसेवक दल स्थापन होत आहे. सहभाग ऐच्छिक आहे. जे येणार नाहीत त्यांची नावं लिहून घेतली जातील.

इतकी ऐच्छिक गोष्ट असल्यावर सगळेच आले.

मला मात्र खरंच यायचं होतं, हे आधी सांगून टाकते. माझा दादा फौजेत आहे. तेव्हा तो जम्मूच्या बाजूला कुठंतरी होता. नक्की कुठं ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि लढाई सुरू झाल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घरात मी आणि आई. आई कपडे शिवते. ती दिवसभर मशीनवर बसायची आणि फोन मशीनच्या फळीवर, कात्रीच्या शेजारी ठेवायची. फोन वाजला की तिचा पाय पायडलवर थांबायचा, आणि मग कळायचं की कुणीतरी ब्लाउज झाला का विचारतंय. घरात बसून त्या फोनकडं बघण्यापेक्षा देशासाठी काहीतरी करावं असं मला वाटलं. त्या वयात असं वाटतं, त्याला इलाज नाही.

देशासाठी पहिलं काम निघालं प्रभातफेरीचं. आम्ही गळ्यात स्काउटचे रुमाल बांधून गावभर घोषणा देत फिरलो. शत्रूपर्यंत आवाज गेला की नाही सांगता येत नाही, पण पेडगावपर्यंत नक्की गेला असेल. मोठे सर मोबाइल धरून आमच्यापुढं उलटं चालत शूटिंग करत होते. उलटं चालता चालता त्यांचा एक पाय गटारात गेला आणि नडगी सोलवटली. त्या लढाईत आमच्या गावाचं सांडलेलं रक्त ते एवढंच. त्याचाही फोटो ग्रुपवर आला.

मग ब्लॅकआउटचा सराव ठरला. रात्री आठला भोंगा वाजणार, गावानं दिवे मालवायचे आणि आम्ही गल्लोगल्ली फिरून कुणाचा दिवा चालू आहे ते बघायचं. सरांनी गल्ल्या वाटून दिल्या. मला आणि आमच्या वस्तीतल्या दोघींना आमचीच वस्ती मिळाली.

"तुमाला तिथली माहिती हाय," सर म्हणाले.

माहिती मला सगळ्याच गावाची होती. आई गावभराचे ब्लाउज शिवते आणि घरोघर मीच नेऊन देते. पण आम्ही बौद्ध, आमची वस्ती पाण्याच्या टाकीच्या पलीकडं, आणि ब्लाउज द्यायचा असतो तो अंगणातच. देशाच्या कामात तेवढा फरक कुणी मनावर घेऊ नये, म्हणून मीही घेतला नाही.

सरावाच्या दिवशी संध्याकाळीच लाइट गेली. आमच्याकडं ती रोजच जाते. सगळं गाव आधीच काळंकुट्ट, मग मालवायचं काय? मोठे सर हवालदिल झाले. त्यांनी लाइनमनला फोन लावला आणि आमच्यासमोर अक्षरशः विनवणी केली.

"देशाचं काम हाय बाबा. धा मिन्टं लाइट सोड. आमाला बंद करायचीय."

लाइनमन देशभक्त निघाला. बरोब्बर आठला लाइट आली आणि देवळाच्या स्पीकरवर सरांनी मोबाइलमधला भोंगा लावला. दहा मिनिटांची लाइट वाया घालवायला गाव काही खुळं नव्हतं. गिरणी सुरू झाली, पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, मोबाइल चार्जिंगला लागले आणि घरोघर टीव्हीवर लढाई सुरू झाली. दिवाळीला नसतो एवढा उजेड पडला. आम्ही "लाइट बंद करा, लाइट बंद करा" असं ओरडत पळत होतो. आमच्या गल्लीतली एक म्हातारी कूलरसमोर पदर पसरून बसली होती, ती भडकली.

"आत्ता कुठं आलीय माय! तुमच्या त्या शत्रूला म्हणावं, धा मिन्टं दम खा!"

दहा मिनिटांनी लाइट आपोआप गेली आणि सराव पार पडला. "गावात शंभर टक्के अंधार" असं लिहून सरांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. फोटोत नुसता काळा रंग होता. त्याला चाळीस-पन्नास अंगठे आले.

एवढं यश मिळाल्यावर दलाचा हुरूप वाढला आणि लाडवांची मोहीम निघाली. प्रत्येक घरातून जवानांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणायचे, शाळेत खोक्यांत भरायचे आणि थेट सीमेवर पाठवायचे. टिकाऊ पदार्थ म्हणून लाडू ठरले होते, पण गाव हौशी. कुणी धपाटे आणले, कुणी कैरीचं लोणचं, एकानं तर ठेचा आणला, वर म्हणाला की हा डोळ्यात गेला तरी शत्रू आडवा होईल.

आई हे ऐकून मशीनवरून उठलीच. तिनं शेंगदाणे मंद जाळावर भाजले, पाखडले, उखळात कुटले. मिक्सर होता, पण दादाला भरड लागतात. गूळ चिरताना ती पुन्हा पुन्हा मला एकच विचारत होती.

"त्याच्याच तिथं जातील का गं?"

"आई, किती मोठी फौज असती. कुणाला मिळतील काय सांगावं?"

"कुणालाबी मिळू दी. पण एखादा त्याच्या हाती लागला तर तो वळखंल."

ओळखण्याची खूण होती. आई लाडू वळून झाला की वरून अंगठ्यानं दाबते, त्याला एक खळगा पडतो. दादा लहान असताना त्या खळग्यात तुपाचा थेंब मागायचा. फौजेत गेल्यावरही सुट्टीवर आला की मागतो. तो खळगा दिसला की आपण घरी बसून त्याची वाट बघायलोय हे त्याला कळेल, एवढाच तिचा हिशेब होता. तिनं भांड्यांतला सगळ्यात चांगला स्टीलचा डबा काढला, राखेनं घासला, कोरडा केला आणि लाडू एकावर एक दाबणार नाहीत असे रचले. त्या दिवशी मशीन दुपारपर्यंत बंद होतं.

मी डबा घेऊन शाळेत गेले. दलातल्या आम्ही मुली वर्गात सतरंजीवर बसून लाडू मोजत, खोक्यांत भरत होतो. मराठीच्या मॅडम मोहिमेच्या प्रमुख होत्या. त्यांनी माझा डबा बघितला आणि एकदम गोड हसल्या.

"तुझ्या आईच्या हातचे का? अगं, हे खास! जवानाच्या आईनं केलेले. हे यांच्यात मिसळू नको, बाजूला ठेव. आपण खास पाठवू."

खरं सांगते, माझा ऊर भरून आला. मी डबा खिडकीपाशी वेगळा ठेवला आणि अर्धा तास नुसती मान ताठ करून बसले. मग आमच्या वस्तीतली दुसरी मुलगी तिच्या घरचे लाडू घेऊन आली.

"हेही खास," मॅडम म्हणाल्या. "तिकडं ठेव, खिडकीत."

तिसरी आली. तीही खास. त्या दोघींच्या घरात जवान सोडा, साधा होमगार्डसुद्धा नव्हता. एकीचा बाप कारकून आणि दुसरीचा शिक्षक. बाकी अख्ख्या गावाचे लाडू एकाच खोक्यात आणि खास तेवढे पाण्याच्या टाकीपलीकडचे. मॅडमच्या तोंडावरचं हसू जसंच्या तसं होतं. त्या आम्हाला संतांचे अभंग शिकवायच्या, सगळी माणसं एक आहेत यावर दहा मार्कांचा निबंध द्यायच्या, आणि मला त्यात नेहमी नऊ मिळायचे.

माझं डोकं सणकलं होतं. डबा उचलून घरी यावं असं वाटत होतं. पण घरी आई होती. डबा तिथंच ठेवून मी आले, तर दारात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "दिला का नीट?" मी म्हणाले, दिला. वेगळा का होईना, सीमेवर पोचला तरी पुष्कळ, अशी मी स्वतःची समजूत घातली. दादाला व्हॉट्सॲपवर लिहिलं की आईनं लाडू पाठवलेत, खळगा बघ. त्याच्यासमोर एकच टिक आली आणि एकच राहिली.

पुढं लढाई थांबली. सगळ्यांना आनंद झाला, मोठ्या सरांना जरा कमी, कारण दलाचे टी-शर्ट छापायला टाकलेले होते. लाडवांचे खोके अजून शाळेतच होते. सरांनी कुरिअरवाल्याला बोलावलं, त्यानं पत्ता विचारला, सर म्हणाले, "सीमा." त्यानं पिन कोड विचारला. इतक्या मोठ्या मोहिमेत घराघरांतून लाडू गोळा झाले, फलक लागले, व्हिडिओ झाले, पण ते नेमके पाठवायचे कुठं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याचं माणूस तिथं होतं त्या घराला तर कुणीच विचारलं नाही. कुरिअरवाला चहा पिऊन निघून गेला.

लाडू फुकट जाऊ नयेत म्हणून विजयोत्सव ठरला. लाडवांना कारण पाहिजे म्हणून जवानाच्या आईचा सत्कारही ठरला. निमंत्रण द्यायला मोठे सर, मॅडम आणि संस्थेचे अध्यक्ष आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते, त्यामुळं घर विचारत विचारत आले. तोवर दादाचा फोन आलेला नव्हता. अध्यक्ष दारातूनच हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार वीरमाता!" आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती रोज पेपर वाचते. हा शब्द कुणाच्या आईला लावतात ते तिला ठाऊक होतं.

"काही खबर आलीय का साहेब?" तिनं भिंत धरून विचारलं.

"छे छे! सत्कार हाय तुमचा!" अध्यक्ष हसले.

आई चहा ठेवायला वळली. चहा आला, तेव्हा तिघांचाही आत्ताच झाला होता. सरांना ॲसिडिटीही होती. तीन कप तसेच राहिले, साय धरेपर्यंत. मॅडमनी जाता जाता विचारलं की त्यांचा ब्लाउज सोमवारपर्यंत होईल का. आई म्हणाली, होईल.

विजयोत्सव शाळेच्या पटांगणात झाला. मंडप होता, स्पीकर होता, आणि त्या दिवशी लाइटही होती. आम्ही दलाच्या मुली ताटल्या घेऊन उभ्या होतो. पाहुण्यांना एकेक ताटली द्यायची, ताटलीत सीमेवर न गेलेले दोन-दोन लाडू. अध्यक्षांनी भाषणात शत्रूला असा दम दिला की तो तिथं असता तर बिचारा रडला असता. मग आईला शाल आणि नारळ दिला. आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून आली होती आणि एका हातात फोन घट्ट धरून होती. सरांनी तिच्यापुढं माइक धरला.

"ताई, दोन शब्द बोला."

"मला भाषण येत न्हाई सर," आई म्हणाली. "माझ्या लेकराचा अजून फोन न्हाई. ते लाडू पोचले का, तेवढं सांगा."

मोठ्या सरांच्या उजव्या हातात अर्धा लाडू होता, तो त्यांनी पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं माइक ओढला.

"पोचले! जवानांनी अतिशय आनंदानं खाल्ले!"

टाळ्या पडल्या. आई हसली. लढाई सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि तेही सरांच्या थापेवर. मग मला राहवलं नाही.

"सर, आमचा डबा स्टाफरूममधी कपाटावर हाय," मी ओरडले. "सकाळी मीच बगितला."

मी ताटल्या तिथंच टेबलावर आदळल्या, स्टाफरूममध्ये गेले, स्टूलवर चढले आणि डबा काढून आणला. खास डबे तिन्ही तिथंच होते, धूळ खात. गावाच्या लाडवांचे खोके रिकामे झाले तरी आमच्या डब्यांना हात लागला नव्हता. मी डबा आईच्या हातात दिला. सगळे आता काय होतंय ते बघत होते आणि दोन-तीन मोबाइल शूटिंग करत होते.

आईनं झाकण काढलं. सगळे लाडू, सगळे खळगे जिथल्या तिथं. आई ओरडेल, रडेल, निदान डबा घेऊन खाली उतरेल असं मला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. ती डबा घेऊन खुर्च्यांच्या रांगेकडं गेली आणि घरी आलेल्या पाहुण्यांपुढं धरतात तसा एकेकापुढं धरला.

"घ्या की. जवानासाठी केल्ते. तुमी खाल्ले तरी तेच."

आमच्या गावात आजाऱ्यांची संख्या किती आहे ते मला त्या दिवशी कळलं. मोठ्या सरांना शुगर निघाली. अर्धा लाडू अजून त्यांच्या मुठीत होता, पण तो बहुतेक औषधाचा असावा. मॅडमचा कडक उपास होता. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला शेंगदाण्याचा कूट चिकटलेला होता. मधल्या खुर्च्यांवर कुणाची दाढ दुखत होती, कुणाचं पोट भरलं होतं. अध्यक्ष तेवढे राजकारणातले. शूटिंग करणारे मोबाइल बघून त्यांनी लाडू घेतला, कपाळाला लावला, कागदात बांधला आणि म्हणाले, "हा परसाद. घरी न्हेऊन सगळ्याला देतो."

आई म्हणाली, "बरं." झाकण लावलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. राष्ट्रगीत झालं, कार्यक्रम संपला.

पटांगण झाडायचं काम अर्थात दलाकडं होतं. अध्यक्षांच्या खुर्चीखाली कागदाची पुडी सापडली. मी ती खिशात लपवणार होते, पण आई मागंच उभी होती. तिनं हात पुढं केला, पुडी सोडली, लाडवावरची धूळ फुंकली आणि तो डब्यात परत ठेवला. मला भयंकर संताप आला होता. मी तिला म्हणाले की उद्या मॅडमचा ब्लाउज कात्रीनं उभा फाडते बघ. ती म्हणाली, "सोमवारी द्यायचाय. बाही राहिलीय अजून."

घरी येऊन तिनं शाल घडी घालून ठेवली आणि खरंच मशीनवर बसली. मॅडमच्या ब्लाउजची बाही लावायला घेतली. तो ब्लाउज सोमवारी मॅडमच्या अंगाला लागणार होता, त्याला काही अडत नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. आईनं फोन उचलला आणि पलीकडून दादाचा आवाज आल्यावर ती नुसती रडत राहिली. मीही रडले. तो ठीक होता. थकला होता, झोप झाली नव्हती, पण ठीक होता. आईनं डोळे पुसले आणि जेवलास का विचारलं, मग पुन्हा एकदा जेवलास का विचारलं.

"माझ्या फोनला रेंज न्हाई, आत्ता वायफायवर मेसेज बगितला," दादा म्हणाला. "लाडू पाठवलेत म्हणं? हितं तर काई आलं न्हाई. सगळेजण वाट बगायलेत, मी खळग्याचं सांगितलं त्यांला."

आईनं डबा जवळ ओढला. धूळ लागलेला तो लाडू वरच होता, तिनं तो उचलून पदराला पुसला.

"न्हाई आले," ती म्हणाली. "शाळेपर्यंत गेल्ते. तिथून पुढं न्हाई गेले."

दादाही याच शाळेत शिकलाय. तो समजूत घालावी तसं म्हणाला, "जाऊ दे आई. हितं कसे येतील? मी किती लांब हाय."

"तू लांब न्हाईस रे," आई म्हणाली. "शाळा लांब हाय."